हळदीतली थट्टा

रामवाडी, पेण
२८ डिसेंबर १९९९

प्रिय हर्षद,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही, कारण आपल्या निडी गावची मृणाली खुशाल नाही. सीताबाईची धाकटी, तू अमेरिकेला गेलास तेव्हा ती नुकती रोह्याच्या कॉलेजात जायला लागली होती.

वैशाखात तिच्या बहिणीचं, अनिताचं लग्न झालं. हळदीला गायला ठमाबाई होती. करवलीची अब्रू काढल्याशिवाय तिचं गाणं रंगत नसे. तुझ्या काकाच्या हळदीत तिनं माझं नाव मिठागराच्या मुकादमाशी जोडलं होतं, आणि माझ्यासारखी बाई हसून हसून खाली बसली होती. या वेळी मृणालीची पाळी. ‘करवली मृणाली कुठं गेली गो, कंपनीच्या गाडीवाल्यानं नेली गो.’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘नेली तं नेली, भाडं घेतलान का नाय गो?’ सगळ्यांत मोठ्यानं मृणालीच हसली. हळद उतरवताना ठमाबाईनं नेहमीचं शेवटचं कडवं म्हटलं, ‘हळद उतरली, थट्टा उतरली, लेक गो आमची सोन्याची.’ त्या कडव्यानंतर थट्टा मांडवाबाहेर न्यायची नाही, ही आपल्या गावाची रीत.

ती कुणीतरी नेली. परदेशातल्या आपल्या माणसांसाठी तू जी वेबसाइट चालवतोस, तिच्यातल्या ‘गावगप्पा’ या पानावर कुणालाही नाव न देता लिहिता येतं. तिथे इंग्रजी अक्षरांत त्या दोन ओळी आल्या. मृणालीचं नाव, गावाचं नाव. हळदीचा उल्लेख नाही, शेवटचं कडवं नाही. मृणालीचा साखरपुडा झालेला होता. मस्कतला तिच्या होणाऱ्या दिरानं ते वाचलं आणि भाद्रपदात सासरच्यांनी साखरपुड्याची साडी परत मागितली. सीताबाई त्यांच्या दारात उभी राहून सांगत होती, ‘गानं हाय ओ ते, खरं नाय.’ ते म्हणाले, मग गाणारीला आणा. ठमाबाई श्रावणातच वारली होती.

पेणला आता इंटरनेटचं दुकान निघालंय. मृणालीला घेऊन मी तिथे गेले. त्या दोन ओळींखाली नवे लोक रोज लिहितायत. कोण ही, अजून कुणाकुणाबरोबर गेली. मृणालीनं पडद्याला हात लावला आणि म्हणाली, ‘आत्या, ठमाआजी अजून गातेय. तिला थांब म्हणा ना.’ मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण जिना उतरताना माझ्याही कानात ते गाणं होतं, आणि आवाज ठमाबाईचाच. गेल्या महिन्यात शेजारच्या हळदीत करवलीची ओळ आली, तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नुसतं ढोलकं वाजत राहिलं. माघात उरणची माणसं मृणालीला बघायला येणार आहेत. मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो.

दिवाळीत फोनवर मी तुला नाव न घेता विचारलं होतं, की अशा मजकुराचं तू काय करतोस. तू म्हणालास, अमेरिकेच्या कायद्यानं जागा देणारा हा लिहिणारा ठरत नाही. आणि इतके लोक लिहितात, कोण काय लिहितं ते मला ठाऊकच नसतं. एकदा खोडायला लागलो तर सगळ्याचा जाब मलाच विचारतील, ही तुझी भीती मला कळते. पान बंद कर, असंही मी म्हणत नाही. नागोठण्याला पाणी भरलं तेव्हा परदेशातल्या मुलांनी त्याच पानावर आईबापांची खबर घेतली होती.

या महिन्यात आपल्या संसदेत याच विषयाचं विधेयक आलंय. पेपरात वाचलं, की मजकूर आपल्याला ठाऊक नव्हता असं जो सिद्ध करेल, तो जागा देणारा सुटेल. कायदा होईल तेव्हा होईल, आणि तो तिथे तुला लागेल की नाही, मला सांगता येत नाही. मी तेवढी वाट बघणार नाही. नाव, गाव, ओळी, सगळं वर स्पष्ट लिहिलंय, आणि हे पत्र पोचपावतीसह रजिस्टरनं पाठवतेय. तू सही करून ते हातात घेतलंस, की हर्षद, तुला ठाऊक आहे.

तुझीच,
मालूआत्या