अकरा जीबी मोकळी जागा

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोज लिहायचं. मागची रोजनिशी आळसामुळे बंद पडली नव्हती, पेन चांगलं नव्हतं.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी आज केबिनमध्ये बोलावलं. आमच्याकडे दोन लिनक्स सर्व्हर आहेत, अगदी एकसारखे, दोन्हींत सोळा जीबी मेमरी. जुन्या शाखेचा थंडोबा सांभाळतात, नव्या शाखेचा मी. (थंडोबा हे नाव मी ठेवलंय. तोंडावर सर म्हणते.) बाई म्हणाल्या, रक्ताचे रिपोर्ट उघडायला कधीकधी वेळ लागतो, मेमरी कमी पडतेय का बघ, दोन्ही मशीनची तुलना कर आणि २८ला सांग. मग तुझं कायम करायचं बघू.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. नोकरीत कायम होणारीही मीच पहिली. दादाचा टेम्पो आहे, पण टेम्पोवर कुणी कायम होत नसतं.

दुपारी ३.४०
कमांड चालवून बघितली. 'फ्री', म्हणजे मोकळ्या जागेच्या रकान्यात तीनशे एमबी! सोळा जीबीपैकी! थंडोबांच्या मशीनवर तर अडीचशे. हा माणूस वर्षानुवर्षं तुडुंब भरलेल्या मशीनशेजारी बसून चहा पितोय. त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "अगं, फ्री कशाला बघतेस? 'अव्हेलेबल' बघ. तिथे अकरा जीबी आहेत की."
आळशी लोकांच्या समाधानासाठी वेगळा रकाना ठेवलेला दिसतो.

बुधवार, ५
मॅन्युअल वाचायला घेतलं. सगळं मुळापासून समजून घेणार. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले. लिहिणाऱ्याला थोडक्यात सांगता येत नाही. खरं ज्ञान निरीक्षणातूनच मिळतं. बंद केलं.

गुरुवार, ६
मोठा शोध! प्रत्येक प्रोग्रॅम किती मेमरी खातो तो आकडा, म्हणजे आरएसएस, घेतला आणि सगळ्यांची बेरीज केली. तेवीस जीबी! सोळाच्या मशीनमध्ये तेवीस! म्हणजे मशीन खोटं बोलतंय, आणि आजवर एकालाही बेरीज करावीशी वाटली नाही.
थंडोबा खुर्चीत टेकूनच म्हणाले, प्रोग्रॅम मेमरीचा काही भाग वाटून वापरतात, आणि तो भाग प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजला जातो. "घरात आठ माणसं आहेत म्हणून घरात आठ बाथरूम आहेत, असं म्हणशील का?" वाटणी करून मोजायचा पीएसएस नावाचा आकडा वेगळा असतो म्हणे.
ऑफिसात बाथरूमचा विषय काढणाऱ्या माणसाकडून मला काही शिकायचं नाही.

सोमवार, १०
मेमरी कशाने भरली आहे ते सापडलं. कॅशे! एकदा उघडलेल्या फाइलींच्या प्रती मशीन स्वतःजवळ बाळगून बसतं. कशाला? "पुन्हा मागितल्या तर डिस्कपर्यंत हेलपाटा नको," इति थंडोबा. "जागा लागली की आपणहून सोडतं ते, म्हणूनच 'अव्हेलेबल'मध्ये धरतात." सोडतं म्हणे. कोण काय आपणहून सोडतं?
कॅशे रिकामी करायची कमांड शोधली आणि चालवली. फ्री: अकरा जीबी!! डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनचा फोटो आईला पाठवला. तिने नमस्काराचा हात पाठवला.
जेवून येईपर्यंत मशीन पुन्हा भरायला लागलं होतं. त्याला सवयच तशी लागली आहे. आता दर पाच मिनिटांनी आपोआप सफाई होईल अशी व्यवस्था केली.

संध्याकाळी
सुधारणा घरापासून व्हायला हवी. ओट्यावरच्या फळीवर मीठ, साखर, चहा, मसाल्याचा डबा, सगळी खेटाखेटी. सगळं माळ्यावर टाकलं. फळी मोकळी. तिथे माझं फ्रेम केलेलं पदवी प्रमाणपत्र ठेवलं, दारातून सरळ दिसतं. दादा आला, चहा टाकायला गेला आणि त्याने विचारलं, "पावडर कुठाय?" माळ्यावर. "आणि शिडी?" शेजाऱ्यांकडे. दादा म्हणाला, "वा! आता चहासाठी सुट्टी टाकावी लागणार."
ज्याला फक्त टेम्पोत सामान रचता येतं त्याने घरातल्या रचनेवर बोलू नये.

गुरुवार, १३
काउंटरवालीची तक्रार. नव्या शाखेचे रिपोर्ट आता कधीकधी नाही, नेहमीच उशिरा उघडतात. "लोक अंगावर येतात हो माझ्या! आणि स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय." मी समजावलं, शिस्त लागायला वेळ लागतो. ती म्हणाली, "शिस्त मशीनला लागतेय का मला?" या बाईंची वृत्तीच नकारात्मक आहे.
डिस्कचा दिवा आता सतत लुकलुकतो. मशीन पहिल्यांदाच मन लावून काम करतंय.
आई मीठ शिलाई मशीनच्या खणात ठेवू लागली आहे. जुनी माणसं.

मंगळवार, १८
पाच मिनिटांतही कॅशे डोकं वर काढते. सफाई आता दर मिनिटाला.
आईने मी कायम झाल्याचं आधीच सगळीकडे सांगून टाकलंय. मावशीचा अभिनंदनाचा फोनही आला. मी खोटं बोलले नाही, फक्त थँक्यू म्हणाले.

शुक्रवार, २१
तक्ता तयार. माझं मशीन हिरवं, अकरा जीबी मोकळे. थंडोबांचं लाल, अडीचशे एमबी. एवढं लाल बघून मलाच त्यांची दया आली.
त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. म्हणाले, "बाळ, ती सफाई काढून टाक. नाहीतर निदान एकच रिपोर्ट दोन्हीकडे उघडून बघ." मी स्पष्ट सांगितलं, विषय मेमरीचा आहे, रिपोर्ट उघडण्याचा नाही. त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीही. असूया झाकायची एक पद्धत.

शुक्रवार, २८
सकाळी ९.००
इस्त्रीचा ड्रेस. आईने दारापर्यंत येऊन निरोप दिला. आजचा दिवस माझा.

संध्याकाळी
बाईंना तक्ता आवडला. "हिरवं म्हणजे रिकामं?" हो. "म्हणजे नवी मेमरी घ्यायला नको?" मुळीच नको! बाई खूश. मग त्यांनी नेहमी लागणारा एक रिपोर्ट दोन्ही मशीनवर स्वतः उघडून बघितला. थंडोबांच्या मशीनवर बाईंचं बोट बटणावरून उठायच्या आत उघडला. माझ्या मशीनवर गोल गोल. बाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. एक फोन घेतला. गोल गोल.
"हे रिकामं आहे ना?"
हो.
"मग ही जागा कुणासाठी राखून ठेवली आहेस?"
मी तक्त्यातल्या हिरव्या रकान्यावर पुन्हा बोट ठेवलं.
कायमचं सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या. तोपर्यंत थंडोबांच्या हाताखाली. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, २९
सफाई काढून टाकली. कुणाच्या सांगण्यावरून नाही, मला स्वतःला तसं वाटलं म्हणून. दुपारी फ्री: दोनशे नव्वद एमबी. काउंटरवाली हसत आली. "नवीन मशीन बसवलं का गं?" मी मॅन्युअलचा तिसरा परिच्छेद वाचत होते, म्हणून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

घरी आले. ओट्यावरच्या फळीवर मीठ, साखर, चहा, मसाल्याचा डबा. खेटाखेटी. दादाने शिडी मागून आणली होती. आईने चहा हातात दिला. लगेच झाला होता.
माझं प्रमाणपत्र कुठे आहे, विचारलं.
आई म्हणाली, "माळ्यावर. रोज थोडंच लागतं ते?"