शालिनीताईंसाठी चार मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार
शालिनीताईंचा फोन. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. २३ ला सत्कार, शाळेच्या हॉलमध्ये. "तू बोलायचंस. चार मिनिटं." म्हटलं, घसा बसलाय. "वीस दिवस बसणार आहे का?" आणि फोन ठेवला. आमच्या मुख्याध्यापकांची बायको शोभते.
हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

५ नोव्हें.
हे आजवर कुठेच लिहिलं नाही. एकदाचं लिहून टाकते.
अठरा वर्षं झाली. सर, म्हणजे ताईंचे यजमान, निवृत्त झाले होते, शाळेत त्यांचा सत्कार. सूत्रसंचालन माझं, नेहमीसारखं. त्याच आठवड्यात दोन शोकसभांचंही मीच केलं होतं, तोंडात तेच बसलेलं. सर समोर खुर्चीत, मांडीवर नारळ. आणि मी माईकवरून, खणखणीत आवाजात, "आपले लाडके, कैलासवासी..."
हॉल फुटला हसून. सरही हसले. दोन महिन्यांनी ते गेले, हार्ट. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, बाईंची जीभ काळी. थट्टेत. मला ती थट्टा वाटली नाही.
शोकसभेत बोला म्हणाले, तर डोकं दुखतंय म्हणून गेलेच नाही. त्यानंतर माईक नाही. साधे आभारसुद्धा नाहीत, जे कोणी ऐकत नाही, खुर्च्या सरकवतात.

९ नोव्हें., रविवार
सोसायटीची मीटिंग. म्हटलं, निदान इथे तरी तोंड उघडावं. विश्रांतवाडीत राहायचं तर पाण्याच्या टँकरवर कुणीही बोलू शकतं. उभी राहिले. हात कापायला लागला, मग आवाजही. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, बसून बोला ना, निवांत." बसले. बसल्यावर बोललेच नाही.
पस्तीस वर्षं वर्गात ओरडले, तेव्हा कुठे होता हा हात?

१४ नोव्हें.
भाषणाचा कागद केला. स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. यांना समोर घड्याळ घेऊन बसवलं. "छान झालं गं." पेपरातून मान वर न काढता.
"अहो, मी मधला परिच्छेद गाळला."
"म्हणूनच छान झालं असेल."
कंटाळा आलाय. भाषणाचा नाही, स्वतःला ढकलण्याचा.

१८ नोव्हें., मंगळवार
नाही सांगायला गेले. फोनवर धीर होईना. ताई बुधवार पेठेत. रिक्षावाल्याने गर्दी बघून अलीकडेच उतरवलं, तिथून चालत, तीन जिने. दम लागलेला, त्यात कॉफी पुढे आली. कॉफी पिऊन नाही कसं म्हणायचं?
माफी मागितली शेवटी, त्या 'कैलासवासी'बद्दल. म्हटलं, सर हसले होते हो तेव्हा.
"हॉलमध्ये हसले. घरी आल्यावर जेवले नाहीत. तुला खोटं कशाला सांगू?"
त्यांनी उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली.
"दोन दिवसांनी विसरले ते. माझ्या डोक्यात वेगळंच आहे. शोकसभेला पाच जण बोलले, पाचांतल्या एकालाही ते धड माहीत नव्हते. तुला होते. तू घरी बसलीस."
कप विसळून पालथा घातला. नाही सांगायचं राहूनच गेलं.

२२ नोव्हें.
नवा कागद. ताई चालवायच्या त्या बालवाडीबद्दल, त्यांच्या फटकळपणाबद्दल, डब्यातल्या वड्यांबद्दल. सहावा मसुदा. वाईट नाही. परीक्षेला बसणाऱ्या पोरींना मी लिंबूपाणी द्यायचे. आज स्वतःच प्याले.

२३ नोव्हें., रविवार, संध्याकाळ
झालं.
हॉल तोच, रंग नवा. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यावर अक्षरं दिसेनात. कागद उलटसुलट केला. पुढच्या रांगेतले लोक खोकायला लागले. समोर ताई, अंगावर शाल.
आणि मी बोलायला लागले ते सरांवर. नापासांच्या घरी निकाल घेऊन स्वतः जायचे, ते. मला पहिल्यांदा माईकपुढे उभं केलं आणि मागे उभे राहिले, ते. रागावले की अहोजाहो करायचे, ते. हात कापत होता, कापू दिला. चिठ्ठी आली, वेळ संपली. दुसरी आली. बारा मिनिटं, हे म्हणतात. खाली उतरले तेव्हा कळलं, की सत्कार ताईंचा, आणि मी शोकसभा केली. ताईंचं नाव एकदाही घेतलं नाही. एकदाही!
टाळ्या जरा उशिरा आल्या. आयोजकांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं.
निघताना ताईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मनगट धरलं, घट्ट. डोळे लाल, पण त्या लाडू खाताखाता बोलत होत्या.
"झालं त्यांच्यावर बोलून? आता माझ्यावर कधी बोलणार आहेस?"
रागावल्यात की काय, चेहऱ्यावरून कळेना. मागे भेटायला रांग होती, मला पुढे सरकवलं.
रिक्षात यांनी विचारलं, काय म्हणाल्या? सांगितलं नाही. पाय फार दुखतायत. ताईंना उत्तर द्यायचं आहे, आणि काय द्यायचं ते माहीत नाही.