डोळे मिटले तेवढा रस्ता

फाल्गुन शु. २, सोमवार. जालना.
शेठनं नवी लॉरी ताब्यात दिली. लष्कराच्या लिलावातली. जुनीच्या दीडपट. बॉनेट माझ्या छातीला लागतं. सीटवर बसलं की पुढचा चार हात रस्ता दिसतच न्हाय. शेठ म्हणाले, "जवळचं बघून काय करतोस? लांबचं बघ." लई हसलो. उद्या कापूस भरून सोलापूर.

शु. ४, बुधवार. येरमाळा, चावडी.
गावाच्या अलीकडं येडाईदेवीचा डोंगर दिसला. ह्या रस्त्याचे सगळे ड्रायव्हर करतात तेच म्या केलं. स्टेरिंग सोडून दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. जुनी गाडी बैलागत चालायची, तेवढ्यात काय होत नसे. हिनं तेवढ्यात रस्ता खाल्ला. धप्प झालं. उतरलो तर कडब्याचा भारा चाकाखाली अन् बाई नालीत. डावी मांडी... लिहवत न्हाय.

शु. ५, गुरुवार.
पंचनामा झाला. जिजाबाई नाव, इथलीच. बाजेवरून आपणच बोलली, "माझीच चूक. भारा डोळ्यावर आला हुता." जमादारानं मला विचारलं, हॉर्न दिला का? व्हय म्हणालो. हात जोडलेले अन् हॉर्न कुणी दिला? त्यानं लिहून घेतलं. अंगठा तिचा, सही माझी. मला सोडलं.

शु. १२, गुरुवार. सोलापूर.
गुदामात रसूलचाचांना खरं सांगितलं. वीस वर्षं ह्याच लायनीवर ड्रायव्हर आहेत. म्हणाले, "पहाड कू सलाम तो हम भी करते. दारू तो नहीं पिया ना? चुप बैठ."

पौर्णिमा, रविवार. येरमाळा.
परतीला जिजाबाईच्या घरी गेलो. हाडवैद्यानं मोडल्या मांडीला कामट्या बांधल्यात. नवरा दारातच म्हणाला, "आंधळ्यावानी चालती ही. ऐन सुगीत पडून ऱ्हायली." आतून तिची जाऊबाई, "देवानं डोळं दिल्यात कशाला?" जिजाबाई मला म्हणते, "दादा, तुमच्या गाडीला काय झालं न्हाई न्हवं?" न्हाय म्हणालो. पाणी प्यालो अन् निघालो. गावात पोरं होळीला गोवऱ्या मागत हुती. पळालोच म्हणा ना.

वद्य ४, गुरुवार. येरमाळा.
पुढची खेप. आज जिजाबाईला सांगितलं. नवऱ्यासमोर. भारा न्हाय, डोळे माझे मिटले हुते. हॉर्नबी खोटा.
जिजाबाईनं विचारलं, "किती येळ मिटलं हुतं?"
म्या डोळे मिटून दाखवले.
"आईला काय मागत हुता?"
"काय न्हाय. सवयच हाय."
मग म्हणाली, "जाऊबाईला हाक मारा. तिच्यापुढं परत म्हणा."
परत म्हणालो. जाऊबाई पदर तोंडाला लावून आत गेली.
"जमादारापुढं म्हणाल?"
व्हय म्हणालो. शेठची चिठ्ठी खिशात हाय, माल आजच हलव म्हणून. जमादार उद्या सकाळी येतो. गाडी चावडीपुढं उभी केलीय. नवरा ओसरीवर बसून हाय, अजून आत तिच्याकडं गेला न्हाय.