सुसान्नाच्या दोन दारांविषयी

मी डिग्ना व्हर्हुल्स्ट, आबनुसाची कपाटं करणारे उस्ताद मेल्किओर स्टालपार्ट यांची विधवा, राहणार अँटवर्प, सेंट आंद्रिसच्या देवळामागं. माझे पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे. नोटरी बाल्टेन रूलांट्स बिछान्याशी बसून मी सांगते तसं लिहीत आहेत. मला कोणी भरीला घातलेलं नाही. तेवढी कोणाची टाप नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं मुलाच्या नावे होतं, ते मी रद्द करते.

कलम पहिलं, कारखाना. नवऱ्याच्या पश्चात, कारागिरांच्या संघाच्या नियमानुसार, तो विधवा म्हणून माझ्या हक्कावर चालतो. माझा मुलगा गिलिस याला उस्ताद होता आलं नाही. परीक्षेसाठी केलेल्या कपाटाचा मधला खण संघाच्या वडीलधाऱ्यांसमोर उघडेना, आणि ओढला तेव्हा मूठच त्याच्या हातात आली. तेव्हापासून माझ्या हक्कावर तो मालक म्हणून मिरवतो. हा हक्क माझ्या श्वासाबरोबर संपतो. गिलिसला पुन्हा परीक्षा न घेता संघात घ्यावं, अशी विनंती मी करावी म्हणून तो माझ्या मागे लागला आहे. ती मी करणार नाही. कारखान्याला कुलूप लागेल. नवऱ्याचे रंधे, पटाश्या, मोगऱ्या लिलावात जातील. गिलिसनं इतरांसारखी रांगेत उभं राहून बोली लावावी.

याचं कारण लिहून ठेवते.

आमच्या कपाटांची आबनुसाची चौकट, कासवाच्या कवचाखालचा लाल वर्ख, असलं काम अँटवर्पमध्ये आणखी दहा दुकानं करत. आमची कपाटं स्पेनपर्यंत जात ती आतल्या चित्रांमुळे. दारं उघडली की दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक खणावर, चित्रं. ती माझी मुलगी सुसान्ना काढत असे, माळ्यावर, उत्तरेच्या खिडकीशी. तिला मजुरी नव्हती. तिचं नाव कुठंही घातलं जात नसे. मागच्या फळीवर फक्त दुकानाची खूण.

आमच्याकडे कोरीवकामाला पाउवेल नावाचा कारागीर होता. त्याला सुसान्ना हवी होती, आणि तिलाही तो. वडील नव्हते म्हणून रीतीप्रमाणे त्यानं गिलिसजवळ शब्द टाकला. गिलिस त्याला म्हणाला की मुलीला क्षय आहे, रुमालात रक्त पडतं, आम्ही घरातले लपवतो. पाउवेल त्याच आठवड्यात मेखलेन गावी निघून गेला. सुसान्नाला गिलिसनं सांगितलं की त्याला तिथली एक विधवा मिळाली, दुकानासकट. सुसान्ना रडली नाही. तिनं ब्रश धुतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर गेली. काही वर्षांनी एका हिवाळ्यात तापानं गेली. क्षय तिला कधीच नव्हता.

तिला पुरल्यानंतर पाउवेल आला. स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटी क्षयानंच नेलं ना तिला?" तेव्हा मला सगळं कळलं.

मी गिलिसला हाक मारून जाब विचारला. तो हेरिंग मासा खात होता. खाली मान घालून म्हणाला, "आई, घर तिच्या हातावर चालत होतं. ती गेली असती तर कपाटं कोण विकत घेणार होतं? आणि तू जेवत नव्हतीस का त्यातून?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मी ते त्याला माफ करणार नाही.

कलम दुसरं, घर. ते मोलकरीण लाइसबेट हिला. सुसान्नाच्या आजारात तिनं तिचं अंग पुसलं. सूप थंड आहे म्हणून गिलिसनं ते एकदा तिच्या हातावर ओतलं होतं. लाइसबेटची मर्जी असेपर्यंत गिलिसला माळ्यावर राहता येईल. तिथं शेगडी नाही. सुसान्नालाही नव्हती. तो तिला "मालकीणबाई" म्हणेल. न म्हटल्यास तिनं त्याला बाहेर काढावं.

कलम तिसरं, पाउवेल. त्यानं माझ्याकडे सुसान्नाच्या हातचं एखादं चित्र मागितलं. मी म्हणाले, "खोकल्याच्या नुसत्या नावानं पळालास. माझं दार एकदा वाजवलं असतंस तर?" त्याला काहीही नाही.

कलम चौथं, शेवटचं कपाट. ते खाली पूर्ण होऊन उभं आहे. त्याच्या दोन दारांवर विहिरीशी भेटलेले बायबलातले याकोब आणि राहेल आहेत; याच राहेलसाठी याकोब सात वर्षं राबला. सुसान्नानं हे शेवटचं काढलं. गिलिसनं हे कपाट स्पेनमधल्या काडिसच्या व्यापाऱ्याला कबूल केलं आहे. दोन्ही दारं बिजागऱ्यांतून काढून माझ्या शवपेटीत, माझ्या दोन्ही कुशींना ठेवावीत. बाकीचं खोकं गिलिसचं. व्यापाऱ्याला काय सांगायचं ते त्यानं बघावं.

हे सगळं गिलिसला माझ्या देखत वाचून दाखवावं, अशी माझी इच्छा होती. त्याप्रमाणे त्याला वर बोलावून नोटरींनी वाचलं. कारखान्याचं ऐकून तो पांढरा पडला. घराचं ऐकून हसला. दारांचं कलम आलं तेव्हा मात्र बिछान्याजवळ येऊन हळू बोलला. ते मी इथं लिहून घेण्यास सांगितलं आहे.

"आई, बाकी सगळं कर. बाकीची कपाटं समुद्रापार गेली, आता ती कुणाच्या घरात आहेत तेही आपल्याला माहीत नाही. तिच्या हातचं इथं एवढंच उरलंय. ते पुरलंस, तर सुसान्ना होती हे कोणाला कळणार?"

हे तो तिच्यासाठी बोलला की त्या व्यापाऱ्यासाठी, ते मला ओळखता आलं नाही. पोटचा मुलगा, तरी ओळखता आलं नाही.

नोटरींनी लेखणी थांबवून विचारलं, "कलम बदलायचं का, बाई?"

मी दारं वर आणवली. बराच वेळ पाहिली. राहेलला तिनं स्वतःचे हात दिले आहेत, बोटांना रंग लागलेले.

बदलू नये. दारं माझ्याबरोबर जातील.

वाचून ऐकलं, मान्य आहे. हात कापतो म्हणून सही वाकडी, पण माझीच.

डिग्ना व्हर्हुल्स्ट

साक्षीदार: हेंड्रिक कोइमान्स, पाववाला, शेजारी
गेरार्ट स्मिट्स, देवळाचा किल्लीदार
माझ्यासमोर: बाल्टेन रूलांट्स, नोटरी

अँटवर्प, ११ फेब्रुवारी १६७१