आपली पाणबुड्यांची घड्याळं

अहो,

आज घड्याळवाल्या हमीदचाचांच्या दुकानात माझी फजिती झाली. ती सांगायला घरात कोणी नाही, म्हणून कागद घेतला. पत्र लिहायला बसले की मी शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागते, असं तुम्हीच म्हणायचे. आज बोलू द्या.

सकाळी चाचांचा निरोप आला होता, "भाऊ जे धुंडत होते ते आलं. बहूले म्हना, एकदा पाहून जाय." मी वैशूला घेतलं आणि नालवाडीहून पायीच गेले. स्टेशनाजवळची तीच टपरी, टेबलावर तेच हिरवं फडकं. चाचांनी घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. उलटं केलं तर मागच्या झाकणावर कोरलेला पाणबुड्या, डोक्यावर गोल लोखंडी टोप! किती वर्षं वाट पाहिली होती तुम्ही त्याची! मी भिंग डोळ्याला लावलं. काटे, आकडे, कडं, चावी, सगळं सावकाश पाहिलं. कुठेही कुणाचा हात लागलेला नव्हता. आणि मी मान डावीकडे, तुमच्या नेहमीच्या जागेकडे वळवून म्हणाले, "असली हाये, हो."

डावीकडे भिंत होती.

मी घड्याळ फडक्यावर ठेवलं आणि बाहेर पडले. वैशू मागून पळत आली. "आई, काऊन घेतलं नाई?" घेऊन दाखवणार कुणाला होते मी?

लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या हातातलं ते जाडजूड घड्याळ पाहून वाटलं होतं, माणूस भारी शौकीन दिसतो. वांग्याच्या वाफ्यात चिखलात उभा, आणि मनगटावर केवढं हे घड्याळ! मी विचारलं, "याचं हे कडं सैल झालं का?" तुम्ही एवढ्या जोरानं हसले की सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. मग सांगितलं तुम्ही. मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या मावसभावानं ते दिलं होतं. पाणबुडे समुद्रात उतरताना ते कडं फिरवून खूण लावतात. खाली किती वेळ झाला, पाठीवरच्या टाकीतली हवा अजून किती पुरेल, ते त्यावरून कळतं.

"अन् तुम्ही काय करता त्याचं?"

"मी मोटर लावली का खूण लावतो. पालकाले किती पाणी देल्लं ते समजते."

समुद्र तुम्ही पाहिला नव्हता, मीही नाही. पण त्या दिवसापासून मला त्या घड्याळांची गोडी लागली, ती तुमच्यामुळे. बाजारात सांबाराच्या जुड्या आणि वांगी उतरवली की तुम्ही चाचांकडे जायचे. कधी नागपूरला गेले तर फुटपाथवर जुनी घड्याळं घेऊन बसणाऱ्यांपुढे उकिडवे बसायचे. घरी आल्यावर खिशातून रुमालाची पुरचुंडी निघायची. "पाय बरं, कमल, काय आणलं!"

तुमचं काम हरखायचं, माझं काम खोट शोधायचं. असंच ठरलं होतं ना आपलं? काटे शुभ्र आणि आकड्यांवरचं रेडियम पिवळं पडलेलं असलं, तर काटे दुसऱ्या घड्याळाचे. अक्षरं जाड आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या असल्या, तर तबकडी नव्यानं रंगवलेली. चावी आट्यांवर घट्ट बसत नसेल, तर ती कुठून तरी आणून लावलेली. मी एकेक सांगत जायची आणि तुमचा चेहरा उतरत जायचा. "जराक चांगलं सांगत जाय ना, बाप्पा!" म्हणायचे. पण माझं म्हणणं कधी मोडलं नाही तुम्ही. चाचांसमोरसुद्धा म्हणायचे, "आधी हिले पाहू द्या." मला सातवीच्या पुढे कोणी शिकवलं नाही. कुणी माझ्या शब्दासाठी थांबतं, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

आणीबाणीतला तो प्रकार आठवतो? कोणीतरी उठवलं की बाहेरदेशची घड्याळं सापडली तर पोलीस नेतात. तुम्ही सगळी दुपट्ट्यात बांधून तुरीच्या कोठीत पुरली. गाठ सुटली असावी. सासूबाईंनी डाळ करायला तूर काढली आणि सुपात घड्याळ आलं. "काऊन रे, आता तुरीले घड्याळं लागून राह्यले का?" तुम्ही गोठ्यात जाऊन हसत बसले आणि मला एकटीला त्यांच्यापुढे सोडलं. त्याचा राग अजून आहे माझा!

मग ते काळ्या तबकडीचं जपानी घड्याळ आलं. त्याला चावी द्यावी लागत नव्हती, हातावर असलं की हालचालीनं आपोआप चालायचं. किती तरी संध्याकाळी मी ते भिंगाखाली धरून बसले. खोट सापडेना. चारच्या खुणेवरचा रेडियमचा ठिपका अर्धा गळाला होता, पण तो जुनेपणानं. बाकी सगळं जन्मापासूनचं. "हरली मी," म्हटलं, "हे पुरं असली हाये." तुम्ही ते हातावर चढवलं ते कायमचं. गोदीवालं घड्याळ त्या दिवसापासून पेटीत गेलं.

एक गोष्ट मात्र आपल्या घरात थट्टेचीच राहिली. तुम्हाला पोहता येत नव्हतं. नालवाडीची पोरं विहिरींत उड्या मारत मोठी होतात, आणि तुम्ही कमरेच्या वर पाण्यात कधी गेले नाही. वाडीतले लोक तुम्हाला पाणबुड्या म्हणून चिडवायचे. मी एकदा म्हटलं, शिकून का घेत नाही? तुम्ही मनगट वर केलं. "याले येते ना, मंग मले कायले पायजे?"

हसले होते मी तेव्हा.

मागच्या वर्षी राखीला तुम्ही रोहण्याला वन्संकडे गेले. दोन दिवस पाऊस धरून होता. परत निघताना वन्सं म्हणाल्या, "दादा, आजच्या दिवस राहून जाय." पण तुम्हाला तोडायला आलेली भाजी आठवत होती, दुसऱ्या दिवशी तोडा होता. त्यांच्या शेतातून सडकेवर यायला नाला लागतो. त्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीच्या पुलावर, पाणी चढलं होतं आणि एकाची बैलबंडी मधोमध अडकली होती. पुढचं मला त्या बंडीवाल्यानंच सांगितलं. तेराव्यानंतर आला होता बिचारा, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"मी वरडलो, भाऊ, येऊ नका. ते म्हनाले, कमरेइतकंच हाये. एका बैलाचं जोतं सोडलं, मंग दुसऱ्याचं सोडलं. बैलं निंगाले. मी बी बैलाचं शेपूट धरून निंगालो. मांगं पाह्यलं तं भाऊ नाई."

बैल सोडवले याचा मला राग नाही. तुम्ही ते करणारच होते. तुम्ही तसे नसते, तर मी तुमच्यासाठी एवढी रडले तरी असते का? राग येतो तो त्या "कमरेइतकंच" चा. पुराचं पाणी होतं ना ते? आपल्या पालकाच्या वाफ्यातलं होतं का?

दुसऱ्या दिवशी भाऊजी मला ठाण्यात घेऊन गेले. वाटेत ते एकच म्हणत होते, "वहिनी, दुसरं कोनी असन." हवालदार वयस्क होता, आवाज मऊ होता त्याचा. बाभळीच्या मुळ्यांत एक माणूस सापडला, म्हणाला. मग कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "बाई, आधी हे पाहून घ्या."

काळ्या तबकडीचं घड्याळ होतं.

तेव्हा मी काय केलं, माहीत आहे? पदरानं काच पुसली आणि खोट शोधायला लागले. भिंग नव्हतं, डोळ्यांनीच. काटे पाहिले. काट्यांचा आणि आकड्यांचा रंग एकच, जुन्या तुपासारखा. मनात म्हटलं, असतील. जगात अशी किती तरी निघाली असतील. कडं फिरवून पाहिलं. चावीचे आटे उघडून पाहिले. चारच्या खुणेवरचा ठिपका अर्धा होता. तरी म्हटलं, गळतो कुणाचाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादं घड्याळ नकली निघावं म्हणून मी देवाच्या पाया पडत होते. एक काटा, अहो, एक काटा तरी दुसऱ्याचा निघावा!

"वळखलं का, बाई?" हवालदारानं विचारलं.

"थांबा ना जरा," मी म्हटलं, "पाहून राह्यली."

तो थांबला. सगळे थांबले. पट्टा उलटा केला तर बक्कलात राखीचा लाल धागा अडकलेला होता, रंग उतरून गुलाबी झालेला.

आणि ते चालू होतं. रात्रभर पुराच्या पाण्यात राहून बरोबर वेळ दाखवत होतं. काचेच्या आत थेंब नव्हता, वाफसुद्धा धरली नव्हती. बनवणाऱ्यानं सांगितलं होतं तसं ते निघालं. मी ते भाऊजींच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे आमचंच हाये." त्यानंतर चादर बाजूला केली. त्याचं इथे लिहीत नाही. तुमचे डोळे मिटलेले होते, एवढं बरं झालं.

घरी आणेपर्यंत ते भाऊजींच्या खिशात टिकटिकत होतं. कोनाड्यात ठेवलं. मग कधी थांबलं, मी पाहिलं नाही. लोक सांत्वनाला यायचे आणि म्हणायचे, देवाची मर्जी. कोणी कोणी हळूच म्हणायचं, घड्याळं पाणबुड्याची आणि नशीब पाहा. मला ते ऐकू यायचं हो. सासूबाईंना पण यायचं. त्यांनी एकदा एका बाईला अर्ध्या चहावरून उठवलं. "माहा पोरगा दोन बैलं अन् एक मानूस काढून गेला. चहा ठेव तो खाली." त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींना धरून रडलो.

वाडी भाऊजी पाहतात. वांगी बरी आहेत यंदा. मोटर लावली की मी गोवऱ्यांच्या ढिगाची सावली पाहते आणि अंदाजानं बंद करते. कधी जास्त पाणी होतं, कधी कमी. हातात घड्याळ घालवत नाही.

आता वैशूचं सांगते. उन्हाळा लागल्यापासून वाडीतली सगळी पोरं भाऊजींच्या विहिरीवर जातात. पाठीला रिकामा डबा बांधून भाऊजीच त्यांना शिकवतात. वैशूला मी जाऊ दिलं नाही. विहिरीकडे पाहिलं तरी ओरडते मी तिच्यावर. परवा पाणी भरायला गेली आणि काठावर वाकून पोरांना पाहत होती, तर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. रडली नाही. तुमच्यासारखीच आहे.

आज चाचांकडून येताना सावलीला थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, बाबाले पोहता येत असतं तं ते आले असते ना?"

मी म्हटलं, "हो."

"मंग मले काऊन नाई शिकू देत?"

तुम्ही असते तर हसून माझ्याकडे बोट दाखवलं असतं, आधी हिले विचार म्हणून. आता विचारायला मी एकटीच उरले. भीती माझी आहे, तिची नाही. नाल्यात तुमचे पाय सुटले तेव्हा तुमच्याकडे कोणाचीच नजर नव्हती, तेच मला रोज दिसतं. म्हणून पाणी दिसलं की पोरीला ओढून घरात घेते. पण घरात घेऊन किती दिवस ठेवणार? तिच्या वाटेतही कधी तरी नाला येईलच. आणि तुमची पोर आहे ती. पलीकडे कोणी अडकलं असेल तर थांबणार आहे का ती?

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळी तिच्या पाठीला डबा मी स्वतः बांधीन. दोराची गाठही मीच पाहीन, तुम्हाला माहीत आहे माझं पाहणं. ती उडी मारेल तेव्हा डोळे मिटणार नाही, हाक मारणार नाही, भाऊजींना मध्ये मध्ये सांगणार नाही. डोकं वर येईपर्यंत काठ धरून बसेन. असं रोज, ती डब्याशिवाय पोहायला लागेपर्यंत.

आणि ती शिकली की मीही उतरणार आहे. या वयात, लुगड्याचा काष्टा घालून, सगळ्या वाडीसमोर. हसा खुशाल.

तुमची,
कमल