त्यांच्या ताटातला भात

आई, उखळात पडणाऱ्या मुसळाचा आवाज परवा जाग येता येता ऐकू आला. एक जड ठोका, मागोमाग तुझ्या बांगड्यांची हलकी किणकिण. शाळेत गुरुजी लघु-गुरू शिकवायचे तेव्हा मला तूच आठवायचीस: मुसळ गुरू, बांगड्या लघु. रहाटणीच्या घरामागच्या अंगणात तू भात सडायचीस आणि मी त्या ठेक्यावर कविता पाठ करायचो. पण तो भात माझ्यासाठी नसायचा. सगळं तिथंच अडलंय.

पिंपरीला कारखाना निघाला आणि तिथं कामाला लागलेले कोकणातले एक भाडेकरू आपल्या पडवीत राहायला आले, एकटेच. जेवण आपल्याकडेच. पहिल्याच दिवशी ताटातला पांढराशुभ्र भात चिवडत म्हणाले, "मावशी, हा गिरणीचा ना? ह्याला काय चव? आमच्याकडे आई घरीच सडते." झालं! तू धूळ खात पडलेलं उखळ धुऊन काढलंस. तांबूस, कोंडा राखलेला तांदूळ त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिजू लागला. त्याचा वास घरभर फिरे आणि माझ्या ताटात गिरणीचाच. मी रुसलो की म्हणायचीस, "आरं, तू शाळा शिकतुयास. तुला सायबाचं खाणं. जाडंभरडं आमाला हायच की जल्मभर." पांढरं ते उंची, आणि उंची ते पोराला, असं तुला मनापासून वाटायचं. हे आज कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं, की तुझे हात त्यांच्यासाठी दुखतात.

एकदा मी नवी कविता चाल लावून म्हणत होतो. दुसऱ्या कडव्यावर तू मधेच त्यांना विचारलंस, "मऊ झालाय न्हवं भात?" मी त्यांच्या ताटात हात घातला आणि मूठभर भात तोंडात कोंबला. हातावर तुझी चापट बसली. "पाव्हण्याच्या ताटात हात? लाज न्हाई वाटत?" ते हसत होते. "असू दे हो मावशी. काय राव, ताटं बदलायची का?" मी म्हणालो, "नको." तो घास गोडसर होता, दाताखाली जरा रेंगाळणारा. पुन्हा मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि तू दिला नाहीस.

आता त्याच जागेवर इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. डॉक्टरांनी मला पांढरा तांदूळ बंद केलाय. सूनबाईनं दुकानातून पिशवी आणली, वर छापलेलं, 'हातसडीचा'. "बाबा, हाच खरा पौष्टिक." कुणाच्या हाताचा, ते छापलेलं नाही. आज तो पहिल्यांदा शिजतोय, आणि मी म्हातारा मघापासून तीनदा पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊन आलोय. हे पातेलं माझं, आई. एकट्याचं.

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात काठी टेकून ते उभे! पार वाकलेत, पण हसणं तेच. नातवाला चाकणला नोकरी लागलीय, म्हणून विचारत विचारत आले. उंबऱ्यातच थबकून म्हणाले, "मावशींच्या भाताचा वास येतोय."

'आलोच' म्हणून मी आत येऊन पुन्हा लिहायला बसलोय. बाहेर सूनबाई म्हणतेय, "आधी पाहुण्यांना वाढते हं, बाबा." तू असतीस तर तूही तेच केलं असतंस. तू नाहीस, याचं आज मला क्षणभर बरं वाटलं.