साबणाचे दात

प्रिय बबडे,

पत्र लिहिणारा मी तुझा बाप. माझे नाव तुला ठाऊक आहे. हुद्दाही ठाऊक आहे : बालसंगोपन अनुदान कार्यालयातील तपासणी अधिकारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा. पत्राचा हेतू एवढाच, की काल जेवताना आपले जे बोलणे ताटावरच थांबले, ते पूर्ण करावे. एका घरात राहून पत्र कसले लिहायचे, असे तू म्हणशील. परंतु मी तोंडी बोलू लागलो की दुसऱ्याच वाक्याला तू “बाबा, परिपत्रक वाचू नका” म्हणतेस, आणि तिसऱ्या वाक्याला मी खरोखरच ते वाचू लागतो. कागदावर निदान तू मला मध्येच तोडू शकणार नाहीस.

वस्तुस्थिती अशी आहे. दंतवैद्यबाईंनी तुझी जागा अजून भरलेली नाही. गेल्या वर्षी टिल्लीला कडेवर घेऊन तू या घरी परत आलीस, तेव्हापासून त्यांच्या कृत्रिम दात घडवण्याच्या प्रयोगशाळेतले खिडकीजवळचे तुझे टेबल रिकामे आहे. उद्या, सोमवारी, त्यांना तुझा होकार किंवा नकार हवा आहे. त्यानंतर ते टेबल दुसऱ्या कुणाचे होईल. टिल्लीला पाळणाघरात ठेवल्याखेरीज तुला जाता येणार नाही, आणि अनुदान घेतल्याखेरीज पाळणाघर आपल्याला परवडणार नाही. यावर काल तू म्हणालीस, “ती मदत गरजवंतांसाठी असते, बाबा. मी काही गरजवंत नाही.” नंतर पाणी पिऊन हळूच म्हणालीस, “आणि साहेबाच्या मुलीला अनुदानाची जागा मिळाली, की कशी मिळाली हे कुणी विचारणारसुद्धा नाही. सगळे धरूनच चालतील.” दोन्ही मुद्दे मी उठल्यावर लिहून ठेवले. उत्तरे देतो. आधी दुसऱ्याच गोष्टी सांगणार आहे, तेवढे सोस.

माझ्या तपासणीची पद्धत तुला माहीत आहे, आणि तिला तू लहानपणापासून हसत आली आहेस. नियमात लिहिले आहे, की खोली मुलांसाठी सुरक्षित असल्याची खात्री करावी. कशी करावी, ते लिहिलेले नाही. उभे राहून पाहिले तर खोली मोठ्या माणसांसाठी सुरक्षित आहे, एवढेच समजते. म्हणून मी विजारीचे गुडघे रुमालाने झाकतो आणि रांगतो. सहकारी मला पाठीमागे ‘रांगते साहेब’ म्हणतात. आता समोरही म्हणू लागले आहेत. टेबलाच्या खालून बाहेर आलेला खिळा, कपाटाच्या कडेचा सुटलेला पत्रा, मुलाच्या नेमक्या डोळ्यांच्या उंचीवर आलेली दाराची कडी, हे सारे मला जमिनीवरूनच सापडले आहे. नदीपलीकडच्या पाळणाघरात तर मी रांगू लागलो की तिथली पोरे माझ्यामागे ओळीने रांगतात. तिथल्या थोरल्या बाई म्हणतात, “साहेब, तुम्ही आलात की माझी चालायला शिकलेली मुलं परत मागे जातात.”

त्याच पाळणाघरात एक गृहस्थ अनुदानाच्या आधारे आपल्या दोन मुलींना आणतात. उद्वाहनांची दुरुस्ती करतात. सोप्या शब्दांत सांगायचे तर लिफ्टवाले. मुलींची आई नाही. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मुलींचे केस उशी फाटावी तसे होते, आणि थोरल्या बाई रोज सकाळी ते विंचरून वेण्या घालीत. पुढे बाईंनीच त्यांना शिकवायला घेतले. “तारा वळता येतात ना? मग हेही जमेल,” म्हणाल्या. एके दिवशी मी जमिनीवरून उठत असताना ते पुढे आले आणि म्हणाले, “साहेब, इतकं तपासता, तर एवढं पण तपासा. आज मी घातल्यात.” मी चष्मा पुसून चारही वेण्या पाहिल्या आणि जे दिसले ते सांगितले : धाकटीची डावी वेणी सैल आहे. त्यांचा चेहरा उतरला नाही. मान डोलावून म्हणाले, “बरोबर. ती डावीकडे बघत होती.” पुढच्या खेपेला चारही वेण्या सारख्या होत्या. मी तसे सांगितले, तेव्हा हा बाप असा हसला की मला पेन उघडून काहीतरी लिहीत असल्याचे दाखवावे लागले.

तो मनुष्य गरजवंत आहे का? मला विचारशील तर तो कामावर जाणारा बाप आहे. त्याची मुले दिवसभर कुठेतरी असायला हवीत, एवढाच मामला. तो लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून कुणी म्हातारे माणूस वरच्या मजल्यावर अडकून राहत नाही. तू मला एकदा समजावून सांगितले होतेस, की एखादा दात पडला आणि ती जागा तशीच ठेवली, तर शेजारचे धडधाकट दातही हळूहळू तिकडे कलतात. म्हणून तिथे दात बसवायचा, तो दिसण्यासाठी नव्हे, बाकीच्यांना सरळ उभे राहता यावे म्हणून. तुझे ते वाक्य माझ्या कार्यालयाच्या कामाविषयी आजवर ऐकलेले सर्वांत नेमके वाक्य आहे. ते तू माझ्या कार्यालयाविषयी म्हटलेच नव्हतेस, ही गोष्ट वेगळी.

आता दातांचा विषय निघालाच आहे, तर साबणाविषयी. गेले काही महिने आपल्या घरात साबण फार लवकर संपतो. दोन मोठी माणसे आणि एक टिल्ली यांच्या अंगाला इतका साबण लागणे शक्य नाही, हे मला खटकत होते, परंतु बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, “आता साबणाचाही हिशेब?” गेल्या आठवड्यात टिल्ली पाऊल टाकू लागली, तेव्हा मी शिरस्त्याप्रमाणे आपले घर तपासायला घेतले. सारे घर रांगत पाहिले. न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या यंत्रामागे, उभ्या माणसाला कधीही दिसणार नाही अशा कठड्यावर मला ते सापडले. साबणाचे दात. ओळीने मांडलेल्या दाढा, सुळे, पुढचे पटाशीचे दात. प्रत्येकाच्या माथ्यावर बारीक खाचा, मुळे निमुळती. एक दाढ मी हातात घेतली आणि, तुला हसू येईल, जिभेने स्वतःची दाढ चाचपून पाहिली. माझीच होती ती. गेल्या वर्षी कोपरा तुटलेली, तशीच्या तशी. माझ्या तोंडात तू केव्हा पाहिलेस, देव जाणे. जांभया देताना मी यापुढे हात ठेवीन.

मी ते सारे होते तसे परत ठेवले. बबडे, काल ताटावर तू असेही म्हणालीस, की तुला आता त्या कामाची तशी ओढ राहिलेली नाही. मी आयुष्यभर लोकांनी सांगितलेले ऐकून घेतले आहे आणि मग जमिनीवर उतरून पाहिले आहे. तुझ्या सांगण्यापेक्षा मी त्या कठड्यावर विश्वास ठेवतो.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर झाले. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र शब्द पुरे पडणार नव्हते, म्हणून काल जेवण झाल्यावर मी कपडे करून बाहेर पडलो. तुला वाटले, बाबा रागावून फिरायला गेले. मी वरिष्ठांच्या घरी गेलो होतो. नदीपलीकडचे पाळणाघर माझ्या तपासणीतून कायमचे काढून घ्यावे, असा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि कारण स्पष्ट लिहिले : माझी नात तिथे येण्याचा संभव आहे. ते म्हणाले, “अहो, तुमचं सगळ्यात आवडतं ठिकाण ना ते? मुलीचं नक्की तर होऊ द्या आधी.” मी म्हटले, नक्की झाल्यावर दिलेला अर्ज सोयीचा असतो, आधी दिलेला खरा. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. आता ते पाळणाघर आणि तुझा अनुदानाचा अर्ज, दोन्ही माझ्या हाताखाली शिकलेल्या एक तपासणी अधिकारी बाई पाहतील. त्या माझ्याही चुका काढतात, तेव्हा तुला सवलत मिळण्याची आशा ठेवू नकोस. जागा मिळाली तर ती तुझ्या हक्काची असेल. तू नाही म्हणालीस, तरी माझा अर्ज मागे घेता येणार नाही. मात्र तो तुझ्यावर भार समजू नकोस, निर्णय माझा होता.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. तुझा अर्ज मी भरलेला नाही, कोरा आणूनही ठेवलेला नाही; तो तुझा तू आण. मला फक्त एक विनंती करायची आहे, आणि ती तुझ्यासमोर उभे राहून करण्याचे धैर्य होईना. त्या अर्जात शेवटी एक रकाना असतो : पालकांखेरीज मुलाला घरी नेण्यास अधिकृत व्यक्ती. तिथे माझे नाव लिहिशील का? इतकी वर्षे त्या दारातून मी वही घेऊन आत गेलो. कचेरी सुटली की एकदा तिथे रिकाम्या हातांनी उभे राहावे, टिल्लीने आतून रांगत नव्हे, तर चालत यावे, आणि तिला उचलून मी घरी घेऊन यावे, एवढे मला हवे आहे. वाटेत साबणाची वडी घेऊ. तुला लागेलच, आणि नाही लागली, तर त्याहून चांगले.

तुझाच,
बाबा

ठिकाण : आपले जेवणाचे टेबल, खिडकीकडची बाजू
दिनांक : रविवार, टिल्लीची दुपारची झोप मोडण्यापूर्वी